परदेशात जायचंय, मग इंग्रजीची कुठली परीक्षा द्यायची? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापुरात इंग्रजी शिकवते. नवी पेठेतल्या दुकानदाराच्या मुलापासून हॉस्पिटलमधल्या स्टाफ नर्सपर्यंत सगळे जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतलेत. नियम २०२६ च्या सुरुवातीपर्यंतचे आहेत आणि हे नियम फार पटापट बदलतात, त्यामुळे फी भरायच्या आधी त्या देशाच्या सरकारी साइटवर आणि कॉलेजच्या पेजवर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघाच.

मॅडम, सगळ्यात सोपी परीक्षा कुठली?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि खरं तर तो सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी हे सांगा की निकालाचा कागद कोणाला दाखवायचाय. कॉलेजला, व्हिसा ऑफिसला, नर्सिंग कौन्सिलला, की पीआरच्या, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीच्या, अर्जात? कारण प्रत्येकाची मान्य परीक्षांची यादी वेगळी आहे, आणि एकाच देशात कॉलेजची वेगळी आणि सरकारची वेगळी असंही असतं. आयल्ट्स, पीटीई, टोफेल, सेलपिप, ड्युओलिंगो आणि डॉक्टर-नर्ससारख्यांची ओईटी, ही सगळी इंग्रजीच्या परीक्षांचीच नावं. पोरं काय करतात, मित्राने पीटीई दिली म्हणून आपण पीटीई, किंवा घराजवळच्या क्लासमधे फक्त आयल्ट्स शिकवतात म्हणून आयल्ट्स. मग पंधरा-वीस हजार फी गेल्यावर कळतं की आपल्याला पाहिजे होती ती ही नव्हेच. आधी देश, मग कॉलेज किंवा व्हिसा, मग त्यांची यादी, आणि त्या यादीत दोन-तीन नावं उरली तरच सोपी-अवघड बघायचं.

आयल्ट्समधे अकॅडेमिक आणि जनरल असं दोन का असतं?

आयईएलटीएस, ज्याला आपण सगळे आयल्ट्स म्हणतो, त्यात लिसनिंग आणि स्पीकिंग दोघांना सारखंच असतं. फरक रीडिंग आणि रायटिंगमधे. अकॅडेमिकला रायटिंगच्या पहिल्या टास्कमधे ग्राफ किंवा चार्ट बघून १५० शब्द लिहायचे, जनरलला तिथे पत्र लिहायचं. दुसरा टास्क दोन्हीकडे २५० शब्दांचा निबंध, आणि त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं, म्हणून वेळ कमी पडतोय असं दिसलं तर निबंध वाचवा. ढोबळमानाने शिकायला आणि डॉक्टर-नर्ससारख्या रजिस्ट्रेशनला अकॅडेमिक, कॅनडाच्या पीआरला जनरल. बुकिंग करताना चुकीचं बटन दाबलं तर आख्खी फी वाया, म्हणून फॉर्म भरताना शेजारी कोणालातरी बसवा.

कॅनडाला शिकायला जायचंय, नंतर तिथेच राहायचा विचार आहे. एकच परीक्षा दोन्हीला चालेल का?

बहुतेक नाही, आणि हे आधी माहीत असलं की पुढचा ताप वाचतो. कॉलेजच्या अॅडमिशनला आयल्ट्स अकॅडेमिक, टोफेल, पीटीई अकॅडेमिक असं काय काय चालतं. पण एक्सप्रेस एंट्रीने, म्हणजे कॅनडाच्या पॉइंटवाल्या पद्धतीने, पीआर मागताना इंग्रजीसाठी आयल्ट्स जनरल, सेलपिप जनरल किंवा पीटीई कोअर, एवढंच. पीटीई कोअर आणि पीटीई अकॅडेमिक या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, नाव सारखं म्हणून फसू नका. शिक्षण संपल्यावरच्या वर्क परमिटलाही १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची अट आलीये, युनिव्हर्सिटीची डिग्री असेल तर सीएलबी ७ (ते काय ते खाली सांगते), आणि तिथेही हीच पीआरवाली यादी लागते. म्हणजे आज अकॅडेमिक देऊन गेलेल्या पोराला तिकडे पुन्हा एक परीक्षा द्यावी लागणार, हे घरच्या बजेटमधे धरून ठेवा.

सीएलबी म्हणजे कॅनडाची स्वतःची भाषेची पायरी. आयल्ट्स जनरलमधे चारही भागांत ६ आले की सीएलबी ७ होतं. सीएलबी ९ ला लिसनिंगमधे ८ आणि बाकी तिन्हीत ७ लागतात, आणि एक्सप्रेस एंट्रीच्या पॉइंटमधे तिथे मोठी उडी मिळते. पीआरचं ध्येय असेल तर तयारी सीएलबी ९ धरूनच करा. आणखी एक, झटपट स्टुडंट व्हिसाची ती एसडीएस स्कीम ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, अजूनही काही जण तिच्या नावाने पैसे मागतात म्हणे, तिथून उठून या.

ऑस्ट्रेलियाला काय चालतं?

तिथली यादी मोठी आहे. आयल्ट्स, पीटीई अकॅडेमिक, टोफेल, ओईटी, केंब्रिजची सी१ अॅडव्हान्स्ड, आणि ऑगस्ट २०२५ पासून सेलपिप जनरलसारख्या आणखी काही. घरी बसून दिलेली कुठलीच परीक्षा व्हिसाला चालत नाही, सेंटरवरच द्यायची. स्टुडंट व्हिसाला मार्च २०२४ पासून आयल्ट्समधे ओव्हरऑल ६ लागतात, आधी ५.५ होते, आणि जुने व्हिडिओ बघून अजून ५.५ धरून बसलेली मुलं मला भेटतात. स्किल्ड व्हिसाला चारही भागांत ७ आले तर १० पॉइंट, चारही भागांत ८ आले तर २०. चारही भागांत, हे परत वाचा. एका भागात ७.५ आला की २० चे १० होतात. पीटीईचे आकडे मात्र ऑगस्ट २०२५ ला बदलले, आता प्रत्येक भागाला वेगवेगळा स्कोअर लागतो, त्यामुळे ५०-६५-७९ हे जुने स्कोअर जे सगळ्यांना पाठ झालेत ते त्या तारखेनंतर दिलेल्या परीक्षेला लावू नका.

यूकेवीआय आयल्ट्स म्हणजे वेगळी परीक्षा आहे का?

यूकेवीआय म्हणजे यूकेचं व्हिसा खातं. पेपर तोच, अवघडपणा तोच. फरक एवढाच की ती यूके सरकारने मान्य केलेल्या सेंटरवर, त्यांच्या जादा सुरक्षेच्या नियमात होते, आणि फी थोडी जास्त असते. डिग्रीच्या कोर्सला जाणाऱ्यांना बऱ्याचदा ही लागतच नाही, कारण स्टुडंट लायसन्स असलेल्या युनिव्हर्सिटीला तुमचं इंग्रजी स्वतः तपासायची मुभा आहे, मग ती साधी आयल्ट्स घेईल, टोफेल घेईल, कधी बारावीचे इंग्रजीचे मार्कही बघेल. पण नोकरीच्या, म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसाला सरकारमान्य परीक्षाच लागते आणि तिथे ८ जानेवारी २०२६ पासून भाषेची लेव्हल बी१ वरून एक पायरी वर, बी२ केलीये. आयल्ट्स यूकेवीआयमधे सांगायचं तर चारही भागांत ५.५.

अमेरिकेला?

स्टुडंट व्हिसाला वकिलात परीक्षेचा वेगळा स्कोअर मागत नाही, युनिव्हर्सिटी मागते. टोफेल, आयल्ट्स बहुतेक सगळीकडे, ड्युओलिंगो पुष्कळ ठिकाणी. टोफेल २१ जानेवारी २०२६ पासून बदललीये, वेळ कमी झालाय आणि आता १ ते ६ असा स्कोअर येतो, सोबत सध्या जुन्या १२० च्या मापातलाही दिसतो. त्यामुळे दादाने दिली तेव्हाची पुस्तकं आता जशीच्या तशी वापरू नका, आणि युनिव्हर्सिटीच्या पेजवर नवा आकडा आलाय का बघा. व्हिसा इंटरव्ह्यूमधे मात्र तुमचं बोलणंच ऐकतात, तिथे स्कोअरचा कागद बोलत नाही.

जर्मनीला जायला आयल्ट्स लागते का?

इंग्रजीतून मास्टर्स करायचं असेल तर लागते, बऱ्याच ठिकाणी ६.५ च्या आसपास मागतात, आणि सोबत एपीएस सर्टिफिकेटही, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, ते नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे. नर्सिंग किंवा आयटीआयवाल्या कामाला जायचं असेल तर इंग्रजीची परीक्षा विसरा, तिथे जर्मन भाषा लागते, नर्सला पूर्ण मान्यतेसाठी साधारण बी२. महाराष्ट्र सरकारने २०२४ मधे बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला तेव्हापासून आपल्याकडून चौकशी खूप वाढलीये, आणि त्यात आयल्ट्सचा क्लास लावून वर्ष घालवलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. हुशार पोरगी, वर्षभर नाइट ड्युटी करून दिवसा अभ्यास केलेला, आणि तिला कोणी एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं की भाषाच वेगळी शिकायचीये. असं कोणाचं होऊ नये म्हणून तर एवढं लिहायला बसले.

मी नर्स आहे. ओईटी द्यावी की आयल्ट्स?

ताई, यूकेला जायचं असेल तर दोन्ही चालतात. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयल्ट्स अकॅडेमिकमधे ओव्हरऑल ७, रीडिंग-लिसनिंग-स्पीकिंगमधे प्रत्येकी ७ आणि रायटिंगमधे ६.५ लागतात. ओईटीत तीन भागांत बी आणि रायटिंगमधे सी प्लस. कागदावर हे सारखंच दिसतं पण अनुभव अगदी वेगळा आहे.

आयल्ट्सच्या निबंधात तुम्हाला शहरातली ट्रॅफिक, मुलांचा मोबाइल, सरकारने कलेवर खर्च करावा का, असलं काहीही येऊ शकतं. बारा तास वॉर्डात उभं राहून आलेल्या बाईला कलेवरच्या खर्चाबद्दल २५० शब्द सुचत नाहीत, आणि त्यात तिच्या इंग्रजीचा दोष नसतो. ओईटीत काय येतं, तर एका पेशंटच्या केस नोट्स देतात, पाच मिनिटं वाचायला आणि चाळीस मिनिटं पत्र लिहायला. समजा सत्तर वर्षांचे आजोबा, शुगर आहे, पायाची जखम ड्रेसिंग करून घरी सोडतायत, आणि पत्र लिहायचंय घरी येऊन बघणाऱ्या नर्सला. नोट्समधे त्यांचं २०-२५ वर्षांपूर्वीचं हर्नियाचं ऑपरेशनही लिहिलेलं असतं, मुलगा कुठे नोकरीला आहे तेही असतं. आपल्याकडच्या सिस्टर सगळंच्या सगळं उतरवून काढतात, कारण हॉस्पिटलात काही सुटलं तर बोलणी बसतात. इथे नेमके तिथेच मार्क जातात. त्या दुसऱ्या नर्सला उद्या सकाळी दारात उभं राहिल्यावर काय माहीत असायला पाहिजे? ड्रेसिंग कधी बदलायचं, इन्सुलिनचा डोस, जखम कशी दिसली तर डॉक्टरला फोन करायचा, घरात ड्रेसिंगला मदत करायला कोण आहे. हर्निया सोडून द्या.

स्पीकिंगमधे दोन रोल प्ले असतात, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक बनतो आणि तुम्ही नर्सच असता. हे तर तुम्ही रोज करता, मराठीत, कधी कन्नड-तेलुगूत. घाबरलेल्या नातेवाईकाला शांत करायची सवय तुमच्या अंगात आहे, फक्त ती वाक्यं इंग्रजीत बसवायची आहेत. म्हणून ज्यांचं जनरल इंग्रजी बेताचं पण कामाचा अनुभव पक्का आहे त्यांना मी ओईटी सुचवते. फी मात्र आयल्ट्सपेक्षा बरीच जास्त आहे, त्यामुळे दोन-तीन मॉक टेस्टमधे बी पडायला लागल्याशिवाय बुक करू नका. आणि फक्त नर्सनाच नाही, डॉक्टर, फिजिओ, फार्मसी, डेंटल धरून बारा प्रकारच्या लोकांसाठी ही परीक्षा आहे.

ड्युओलिंगो घरी बसून होते, स्वस्त पण आहे, तीच देऊ का?

कॉलेजने मान्य केली असेल तर जरूर द्या. तासाभराची असते, फी बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी, दोन दिवसांत रिझल्ट. पण यूकेचा वर्क व्हिसा, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा, कॅनडाचा पीआर, यातल्या कशालाही ती चालत नाही. आणि घर म्हणजे आपलं घर आहे हो, दार उघडून आई चहा घेऊन आली तरी परीक्षा रद्द होऊ शकते, कान उघडे दिसले पाहिजेत, कानात काही नको, नजर सारखी स्क्रीनबाहेर गेली तरी शंका घेतात. लाइट किंवा नेट जाईल अशी धास्ती असेल तर मित्राच्या ऑफिसमधे किंवा जिथे इन्व्हर्टर आहे अशा खोलीत बसा.

मी मराठी मीडियमचा आहे. मला जमेल का?

जमेल, आणि हे मी धीर द्यायला म्हणून बोलत नाही. मराठी मीडियमच्या मुलांचं व्याकरण बऱ्याचदा पक्कं असतं कारण त्यांनी इंग्रजी नियमाने शिकलेलं असतं. त्यांचं घोडं अडतं ते ऐकण्यात. शाळेत इंग्रजी वाचलं, लिहिलं, पण ऐकलं कधी? आयल्ट्सचं लिसनिंग एकदाच वाजतं, ४० प्रश्न, आणि बोलणारा ब्रिटिश असेल, ऑस्ट्रेलियन असेल. फिफ्टीन आणि फिफ्टी यातला फरक, फोन नंबरमधलं डबल सेव्हन, आडनावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर सांगतात ते, अशा साध्या जागी मार्क जातात. उत्तर बरोबर पण शेवटचा अनेकवचनाचा एस राहिला तरी ते चूक धरतात. तर सांगायचं काय, रोज अर्धा तास बातम्या किंवा मुलाखती ऐका, सबटायटल बंद करून, आणि ऐकलेलं वाक्य थांबवून वहीत लिहा. कंटाळवाणं आहे पण महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसतो.

लिहिताना आपल्या सगळ्यांच्या दोन खोडी ठरलेल्या. एक म्हणजे इंग्रजीतले 'अ' (a) आणि 'द' (the) गाळणे, कारण मराठीत तसलं काही नसतंच. दुसरी, 'आय हॅव' पाहिजे तिथे 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' छाप वाक्यं. या दोनच गोष्टींसाठी स्वतःचा लिहिलेला निबंध वेगळा तपासायची सवय लावा.

आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरांना माझं खास सांगणं आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी-उर्दू असं बोलत तुम्ही मोठे झालात. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उडी मारायची भीती तुम्हाला मुळातच नाही, ती इथे खूप कामाला येते.

माणसासमोर बोलणं बरं की मशीनसमोर?

हा स्वभावाचा प्रश्न आहे. आयल्ट्समधे समोर परीक्षक असतो, काही ठिकाणी व्हिडिओ कॉलवर, ११ ते १४ मिनिटं गप्पा. अडखळलात तर तो थांबतो, प्रश्न पुन्हा विचारा म्हटलं तर विचारतो. पीटीईत हेडफोन-माइक लावून कम्प्युटरशी बोलायचं, आणि बहुतेक भागांत तुम्ही तीन सेकंद गप्प बसलात तर माइक बंद होतो. शेजारच्या बूथमधली मुलंही त्याच वेळी मोठमोठ्याने बोलत असतात, त्याचा त्रास होतो की नाही हे आधी गोंगाटात सराव करून बघा. लाजाळू पण भरभर वाचणाऱ्या, टायपिंग चांगलं असणाऱ्या मुलाला पीटीई मानवते. थांबून विचार करत बोलणाऱ्याला माणूस बरा.

पाठ करून जाऊ नका, दोन्हीकडे. माझ्या एका विद्यार्थ्याने आवडत्या सणाचं उत्तर गाइडमधून पाठ केलं होतं, दिवाळी, फेस्टिव्हल ऑफ लाइट्स वगैरे, सरावात मी पुढचा प्रश्न विचारला की गाडी बंद. त्याला म्हटलं ते सोड, आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेबद्दल सांग. मग तो सात नंदीध्वजांबद्दल, एवढी उंच काठी तोलताना कमरेला काय बांधतात, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नसते, हे सगळं मोडक्यातोडक्या वाक्यांत पण न थांबता सांगत सुटला. दोन मिनिटं कधी झाली त्याला कळलं नाही. उच्चार सोलापुरी असले तरी हरकत नाही, समोरच्याला कळलं पाहिजे. उगाच इंग्लंडचा अॅक्सेंट काढायला गेलात की बोलणंच कळेनासं होतं.

ओव्हरऑल ६.५ आला, तरी कॉलेजने नकार दिला. असं कसं?

कारण प्रत्येक भागाची कमीत कमी अट वेगळी असते. समजा लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६. सरासरी ६.२५ येते, ती वर जाऊन ६.५ होते. पण कॉलेजने 'कुठल्याही भागात ६ च्या खाली नको' असं लिहिलं असेल तर रायटिंगने घात केला. अशा वेळी कम्प्युटरवर दिलेल्या आयल्ट्सला वन स्किल रीटेक मिळते, ६० दिवसांच्या आत तेवढा एकच भाग परत द्यायचा. मात्र हा सुधारलेला निकाल सगळीकडे चालत नाही, आधी कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

कॉलेजकडून इंग्रजी माध्यमाचं पत्र आणलं तर परीक्षा टळेल का?

काही युनिव्हर्सिटी घेतात. तुमच्या कॉलेजच्या लेटरहेडवर शिक्षण इंग्रजीतून झालं असं लिहून मिळतं. पीआर किंवा वर्क व्हिसाला मात्र त्यावर विसंबून राहू नका.

सोलापुरातून परीक्षेला कुठे जायचं?

बुकिंग करताना साइटवर सेंटर आणि तारखा दिसतात, आपल्याकडची बहुतेक मुलं पुण्याला जातात, काही जण हैदराबादला. सकाळची बॅच असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. हुतात्मा काय किंवा वंदे भारत काय, ती पुण्याला पोचून तुम्ही सेंटरवर जाईपर्यंत रिपोर्टिंग होऊन गेलेलं असतं. दुपारची बॅच मिळाली तरी रात्रीचा प्रवास करून झोप न झालेल्या डोळ्यांनी रीडिंगचे तीन लांब उतारे वाचायला बसू नका. ओरिजनल पासपोर्ट लागतो, आधार-पॅन चालत नाही.

पासपोर्टवर नाव वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं आहे, चालेल?

परीक्षेच्या फॉर्मवर पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं, पासपोर्टमधे आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाच्या रकान्यात बऱ्याचदा नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. फॉर्म भरताना वडिलांचं नाव सुटलं किंवा आडनाव दोनदा पडलं तर सेंटरवर आत सोडत नाहीत असंही होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर पासपोर्ट आधी नीट करून घ्यावा, मग बुकिंग.

क्लास लावायलाच पाहिजे का?

नाही. लिसनिंग-रीडिंग घरी होतं, मोफत सरावाचे पेपर परीक्षांच्या स्वतःच्या साइटवर आहेत. रायटिंग मात्र कोणीतरी जाणकाराने तपासलंच पाहिजे आणि स्पीकिंगला समोर माणूस पाहिजे. क्लास लावणार असाल तर एकच विचारा, आठवड्याला माझे किती निबंध तपासून परत देणार? उत्तर गोलमोल आलं तर पुढचा क्लास बघा.

परीक्षा न देता सर्टिफिकेट काढून देतो म्हणणारे असतात, ते खरं असतं का?

सरळ फसवणूक आहे. निकाल युनिव्हर्सिटी आणि व्हिसा ऑफिस थेट ऑनलाइन तपासतात. खोटा कागद सापडला तर कॅनडा ५ वर्षं दार बंद करू शकतो, यूके १० वर्षं. असे लोक कर्ज काढलेल्या, शेत गहाण ठेवलेल्या घरांनाच बरोबर हेरतात, याचा मला मनापासून राग येतो. असा मेसेज आला तर उत्तरही देऊ नका.

निकाल किती दिवस चालतो, परीक्षा कधी द्यावी?

साधारण २ वर्षं. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाला आमंत्रणाच्या आधीच्या ३ वर्षांतला चालतो, तिथल्याच ग्रॅज्युएट व्हिसाला (तिथे शिकून झाल्यावर राहायचा) मात्र अर्जाच्या आधीच्या १ वर्षातला लागतो. सप्टेंबरच्या अॅडमिशनला जाणाऱ्यांनी आदल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत पहिली परीक्षा देऊन टाकावी, म्हणजे एखादा भाग अडकला तर संक्रांतीच्या आसपास परत देता येते आणि अर्जाच्या तारखाही हुकत नाहीत. पासपोर्ट अजून काढला नसेल तर अभ्यास नंतर, आज आधी त्याची अपॉइंटमेंट घ्या.